व्हर्जिनियाची तेरा मते : ५ नोव्हेंबर २००८ ची सकाळ

२००८ सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीची रात्र म्हटली की शिकागोचे ग्रँट पार्क आठवते. अफाट गर्दी, जेसी जॅक्सन यांच्या गालांवरून ओघळणारे अश्रू, व्यासपीठावर चालत येणारे ओबामा कुटुंब. ही दृश्ये जगाने इतक्यांदा पाहिली आहेत की त्यांविषयी नव्याने सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. आजचा धागा त्या रात्रीच्या एका कोपऱ्याविषयी आहे, व्हर्जिनिया राज्याच्या तेरा मतांविषयी. ती मते मिळाली नसती तरीही ओबामा जिंकलेच असते, हे आधीच सांगून टाकतो. अंतिम आकडा ३६५ विरुद्ध १७३ असा होता. तरीही त्या सकाळी माझे लक्ष सगळा वेळ या एकाच राज्याकडे लागले होते. त्याची कारणे सांगायला इतिहासात बरेच मागे जावे लागेल.

तिथली रात्र ती आपली सकाळ. व्हर्जिनियातील मतदान ४ नोव्हेंबरला संध्याकाळी सात वाजता संपले, तेव्हा पुण्यात ५ तारखेची पहाट होती, साडेपाच वाजले होते. दिवाळी होऊन आठवडाच झाला होता. चहाबरोबर डब्याच्या तळाशी उरलेला चिवडा घेऊन मी दूरचित्रवाणीसमोर बसलो. निवेदक एकेका राज्याचा कौल जाहीर करत होते. अमेरिकेचा अध्यक्ष देशभरातील एकूण मतांवर निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक मिळतात आणि जवळजवळ सर्वत्र, राज्यात ज्याची मते जास्त त्याला ते सगळे मिळतात. एकूण ५३८, बहुमताला २७० हवेत. व्हर्जिनियाच्या वाट्याला तेरा होते.

व्हर्जिनियाचा कौल मात्र येत नव्हता. सुरुवातीला लहान ग्रामीण काउंट्यांचे आकडे आले, त्यांत मॅकेन पुढे होते. फेअरफॅक्स काउंटीत राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीला फोन लावला. नागरिकत्व मिळाल्यानंतरचे तिचे हे पहिलेच अध्यक्षीय मतदान. ती म्हणाली, ‘‘दादा, घाई करू नकोस. आमच्या बाजूची मतं अजून मोजलेलीच नाहीत.’’ सकाळी दोन तास रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ घडीची खुर्ची घेऊन आले होते. रांग चार पावले सरकली की ते उठायचे, खुर्ची उचलायचे, पुढे ठेवून पुन्हा बसायचे. त्यांच्याशी काही बोलणे झाले का, असे मी विचारले. ‘‘नाही रे, सगळे आपापल्या विचारात होते,’’ ती म्हणाली. त्या खुर्चीचे चित्र मात्र माझ्या मनातून गेले नाही.

इंग्रजांच्या ताब्यातील उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गुलाम म्हणून विकले गेलेले पहिले ज्ञात आफ्रिकी लोक १६१९ मध्ये व्हर्जिनियाच्याच किनाऱ्यावर, पॉइंट कम्फर्ट येथे उतरवले गेले. वीसहून थोडे अधिक होते. पुढे स्वतंत्र अमेरिकेच्या पहिल्या पाच अध्यक्षांपैकी चौघे, म्हणजे वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन आणि मन्रो, याच राज्याचे. चौघेही गुलामांचे मालक. १८६१ मध्ये दक्षिणेतील राज्ये फुटून निघाली आणि त्यांच्या कॉन्फेडरसीची राजधानी झाली ती व्हर्जिनियातील रिचमंड. यादवी युद्धातील पहिली मोठी लढाई २१ जुलै १८६१ रोजी लढली गेली, तीही याच राज्यात, मनॅसस गावाजवळ. ओबामांनी प्रचाराची शेवटची सभा ३ नोव्हेंबरच्या रात्री मनॅससच्या जत्रेच्या मैदानावर घेतली. ज्या आजीने त्यांना वाढवले तिच्या मृत्यूची बातमी त्याच दिवशी आली होती. सभेला ऐंशी-नव्वद हजार माणसे असल्याचा अंदाज होता. ते मैदान रणभूमीपासून काही किलोमीटरवरच आहे.

युद्ध संपले, गुलामगिरी गेली, आणि १८६७ मध्ये व्हर्जिनियातील कृष्णवर्णीय पुरुषांनी पहिल्यांदा मतदान केले. राज्याची नवी घटना लिहिण्यासाठी १०५ सदस्यांची परिषद निवडली गेली, तीत चोवीस कृष्णवर्णीय होते. १८७० मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास देशभर बंदी घातली. तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. शूद्रातिशूद्रांच्या सुटकेसाठी आपल्या देशबांधवांनीही तसेच करावे, ही त्यामागची आशा होती. ते अर्पण लिहिले गेले तेव्हा व्हर्जिनियातील शेतमजूर खरोखरच मत देत होते. जोतीरावांचा आदर्श हवेतला नव्हता.

तो टिकला मात्र नाही. १९०१-०२ मध्ये व्हर्जिनियात पुन्हा घटना परिषद भरली. तिचा हेतू लपवलेलाही नव्हता. भेदभाव करण्यासाठीच आपण इथे जमलो आहोत, अशा अर्थाचे कार्टर ग्लास यांचे भाषण नोंदले गेले आहे. हेच ग्लास पुढे देशाचे अर्थमंत्री आणि सिनेटर झाले. पंधराव्या दुरुस्तीमुळे कायद्यात वर्णाचा उल्लेख करता येत नव्हता, म्हणून आडमार्ग शोधला गेला. वर्षाला दीड डॉलर मतदान कर. तो मागील तीन वर्षांचा एकदम, आणि निवडणुकीच्या सहा महिने आधी भरायचा. मतदार नोंदणीचा अर्ज कोणाच्याही मदतीविना स्वतःच्या हाताने लिहायचा. नोंदणी अधिकारी हवे ते विचारणार आणि उत्तर पटले की नाही हे तोच ठरवणार. कृष्णवर्णीय मतदार मूठभर उरले आणि हजारो गरीब गोरेही यादीतून गळाले. ही घटना लोकांच्या मताला टाकलीही गेली नाही. टाकली असती तर ज्यांचा हक्क काढून घ्यायचा होता त्यांनीच तिच्याविरुद्ध मत दिले असते. म्हणून ती नुसती जाहीर करण्यात आली. लोकशाहीच्या इतिहासात असा निर्लज्ज प्रामाणिकपणा क्वचित दिसतो.

पुण्यात सकाळचे सात वाजून गेले होते. पेनसिल्व्हेनिया ओबामांकडे गेले. आठच्या सुमारास ओहायोही गेले. आकडेमोड समजणाऱ्याला निकाल तिथेच कळला होता. निवेदकांनाही कळला होता, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते, पण तोंडाने कोणी बोलत नव्हते. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात मतदान चालू असतानाच रेगन विजयी झाल्याचे जाहीर झाले आणि कार्टर यांनी पराभवही मान्य केला होता. त्यावर बरीच टीका झाल्यानंतर, ज्या राज्यातील मतदान संपलेले नाही तिथला कौल सांगायचा नाही, असा दंडक वाहिन्यांनी पाळला. २००० च्या फ्लोरिडा प्रकरणाने त्यांना आणखी सावध केले. त्यामुळे निदान दीड तास सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट कोणीच उच्चारत नव्हते. व्हर्जिनिया अजूनही रिकामेच होते.

व्हर्जिनियाबाबत सावध राहायला आणखी एक कारण होते. १९८९ मध्ये गुलामांचे नातू असलेले डग्लस वाइल्डर तिथे गव्हर्नरपदाला उभे होते. मतदान केंद्राबाहेर केलेल्या पाहणीत ते दहा टक्क्यांनी पुढे दिसत होते. प्रत्यक्षात सुमारे अठरा लाख मतांमधून ते सात हजारांहूनही कमी मतांनी जिंकले. जिंकले खरे, आणि अमेरिकेत निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नरही ठरले, पण पाहणी करणाऱ्याला एक सांगायचे आणि पडद्याआड दुसरेच करायचे, ही शंका तेव्हापासून राज्याला चिकटली. २००८ च्या सबंध उन्हाळ्यात ती पुन्हा पुन्हा बोलली जात होती.

वाइल्डर यांच्या आधीच्या दोन कहाण्या सांगितल्याशिवाय या राज्याचे आकडे समजणार नाहीत.

पहिली प्रिन्स एडवर्ड काउंटीची. फार्मव्हिल येथील मोटन हायस्कूल ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा. इमारत अपुरी पडली म्हणून डांबरी कागद लावलेल्या खोपटांत वर्ग भरत. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स या विद्यार्थिनीने संप घडवून आणला. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे ब्राउन खटल्यात सामावला गेला आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. राज्याने त्याला ‘प्रचंड प्रतिकार’ असे नाव देऊन विरोध सुरू केला. १९५९ मध्ये दोन्ही वर्णांच्या मुलांना एकत्र शिकवण्याची वेळ आली, तेव्हा प्रिन्स एडवर्ड काउंटीने सगळ्या सार्वजनिक शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांसाठी काहीच नव्हते. हे पाच वर्षे चालले, १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत. १९५९ मध्ये सात वर्षांचे असलेले मूल २००८ मध्ये छप्पन्न वर्षांचे होते, म्हणजे मतदारच.

दुसरी कहाणी कॅरोलाइन काउंटीची. रिचर्ड लव्हिंग गोरे, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी वंशाच्या. १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन त्यांनी लग्न केले आणि गावी परतले. काही आठवड्यांनी मध्यरात्री शेरीफ थेट त्यांच्या शयनगृहात शिरला. व्हर्जिनियाच्या १९२४ च्या वंशशुद्धी कायद्याने असा विवाह हा गुन्हा होता. त्या कायद्यात एक मजेशीर फट होती. व्हर्जिनियातील काही प्रतिष्ठित घराणी पोकाहोंटस या मूलनिवासी स्त्रीचे वंशज म्हणवून मिरवत. त्यांची अडचण होऊ नये म्हणून सोळाव्या हिश्श्यापर्यंतचे मूलनिवासी रक्त ‘गोरे’ धरले जाई. आफ्रिकी रक्ताला मात्र एका थेंबाचीही सूट नव्हती. न्यायाधीशांनी जोडप्याला एक वर्षाची कैद सुनावली आणि पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर ती स्थगित ठेवली. पुढे त्यांनी असेही लिहिले की देवानेच वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, म्हणजे त्यांनी मिसळू नये अशीच त्याची इच्छा. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा कायदा रद्द केला. तेव्हाही सोळा राज्यांत असे कायदे होते.

ओबामांच्या आईवडिलांचे लग्न १९६१ मध्ये हवाईत झाले. ते व्हर्जिनियात राहत असते तर तुरुंगात गेले असते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडेच बोट दाखवले होते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१९ मध्ये अशा विवाहांना कायद्याची मान्यता दिली, आणि भिन्न जातींतील हिंदूंचे विवाह देशभर निर्विवाद वैध ठरले ते १९४९ च्या कायद्याने. म्हणजे कागदावर आपण व्हर्जिनियाच्या अठरा वर्षे पुढे होतो. ‘कागदावर’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. लग्नाच्या जाहिराती वाचणाऱ्या कोणालाही त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.

आता १९६५ कडे येतो. माझ्या मते व्हर्जिनियाच्या तेरा मतांचे मूळ त्या एका वर्षात आहे. ६ ऑगस्ट १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली. व्हर्जिनियासारख्या राज्यांना निवडणुकीच्या नियमांत काहीही बदल करायचा असेल, तर आधी केंद्राची मंजुरी घेणे बंधनकारक झाले. राज्य पातळीवरच्या निवडणुकांसाठी मतदान कर तेव्हाही चालूच होता. नॉरफोकच्या एव्हलिन बट्स या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने आणि ॲनी हार्पर यांनी त्याला आव्हान दिले होते. मार्च १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही मोडीत काढला. बट्स यांनी पुढे आपल्या शहरात हजारो माणसांची मतदार नोंदणी केली.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी दुसऱ्या एका कायद्यावर सही केली, तो स्थलांतराचा. तोवर १९४६ च्या नियमानुसार भारतीयांच्या वाट्याला वर्षाला शंभर जागा होत्या. नव्या कायद्याने देशवार कोटे गेले, शिक्षण-कौशल्य आणि कुटुंब हे निकष आले. भारतातून, कोरियातून, व्हिएतनाममधून माणसे येऊ लागली आणि त्यांतली पुष्कळशी वॉशिंग्टनलगतच्या उत्तर व्हर्जिनियात स्थिरावली. फेअरफॅक्समध्ये आज मराठी कानावर पडते ते यामुळेच. पहिल्या कायद्याची चर्चा त्या रात्री प्रत्येक वाहिनीवर होती. दुसऱ्याची फारशी ऐकू आली नाही. तो मंजूर करताना त्याने राजकीय नकाशा बदलेल असे त्याच्या बहुतेक समर्थकांनाही वाटले नव्हते.

जॉन्सन १९६४ मध्ये व्हर्जिनिया जिंकले होते. त्यानंतर सलग दहा अध्यक्षीय निवडणुकांत ते राज्य रिपब्लिकन पक्षाकडे राहिले. दक्षिणेचेच असलेल्या कार्टर यांना १९७६ मध्ये जुन्या कॉन्फेडरसीतील इतर दहाही राज्यांनी साथ दिली, व्हर्जिनियाने नाही.

शिकागोत व्यासपीठाची तयारी झाली होती. अकराला थोडी मिनिटे असताना, म्हणजे आपल्याकडे साडेनऊ वाजायच्या बेतात, व्हर्जिनिया निळे झाले. उत्तरेकडच्या काउंट्यांची मते आली होती. लगेच अकराचे ठोके पडले, पश्चिम किनाऱ्यावरील मतदान संपले, आणि बराच वेळ ओठांवर अडवलेले वाक्य निवेदकांनी उच्चारून टाकले. आतेबहिणीचा फोन आला. मागे कोणी तरी मोठ्याने ओरडत होते, त्यामुळे तिचे बोलणे नीट ऐकू आले नाही. ती हसत होती एवढे कळले. मला मात्र पडद्यावरच्या गर्दीत घडीची खुर्ची घेतलेले कोणी दिसते का, असे उगीचच वाटत राहिले.

ओबामांना व्हर्जिनियात ५२.६ टक्के मते मिळाली, आघाडी सव्वादोन लाखांहून अधिक. फेअरफॅक्समध्ये सुमारे साठ टक्के. मनॅसस ज्या प्रिन्स विल्यम काउंटीने वेढलेले आहे, तीही त्यांनी जिंकली. दुसऱ्या दिवशी काउंटीवार तक्ते पाहताना मी दोन नावे शोधली. प्रिन्स एडवर्ड काउंटीत ओबामा पुढे होते, कॅरोलाइन काउंटीतही होते. मिल्ड्रेड लव्हिंग यांना मात्र हे पाहता आले नाही. त्या सहाच महिने आधी, मे २००८ मध्ये वारल्या. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी समलिंगी जोडप्यांच्या विवाहहक्काला जाहीर पाठिंबा दिला होता. आणि ओबामांना भरभरून मते देणाऱ्या कॅलिफोर्नियाने त्याच दिवशी तो हक्क काढून घेणारा प्रस्ताव मंजूर केला. त्या रात्रीच्या आठवणी सांगणारे हा तपशील बहुधा गाळतात.

गाळू नये असा आणखी एक आकडा आहे. मतदानोत्तर पाहणीनुसार व्हर्जिनियातील गोऱ्या मतदारांपैकी ३९ टक्क्यांनी ओबामांना मत दिले, अलाबामात फक्त १० टक्क्यांनी. ‘वंशभेद संपला’ असे मथळे त्या आठवड्यात आपल्याकडच्या वृत्तपत्रांनीही दिले होते. प्रत्यक्षात व्हर्जिनियातील बहुसंख्य गोऱ्यांचे मन त्या रात्री वळलेले नव्हते. पूर्वी ज्यांना रांगेत उभेच राहू दिले जात नव्हते आणि ज्यांना देशातच येऊ दिले जात नव्हते, त्यांची मते उरलेल्या गोऱ्यांच्या मतांत मिळवली गेली, इतकेच घडले. मला यात निराश होण्यासारखे काही दिसत नाही. मने वळण्याची वाट पाहत बसले असते तर एव्हलिन बट्स मतदान कर भरतच वारल्या असत्या.

खरे मतदान तर पुढेच व्हायचे होते. १५ डिसेंबर २००८ रोजी व्हर्जिनियाचे तेरा निर्वाचक रिचमंडच्या कॅपिटॉलमध्ये जमले. ही इमारत जेफरसन यांच्या आराखड्यावरून बांधलेली. १८६१ मध्ये रॉबर्ट ली यांनी राज्याच्या फौजेचे सेनापतिपद स्वीकारले ते याच इमारतीत, आणि युद्धाच्या काळात कॉन्फेडरसीची काँग्रेस भरत असे तीही इथेच. तेराही जणांनी ओबामांच्या नावे मत दिले, कागदांवर सह्या केल्या. पुण्यात ते कोणी थेट दाखवले नाही. मीही दुसऱ्या दिवशी वाचले.

पुढचे थोडक्यात सांगतो. एप्रिल २०१० मध्ये व्हर्जिनियाच्या नव्या गव्हर्नरांनी ‘कॉन्फेडरेट इतिहास महिना’ जाहीर केला. त्या घोषणापत्रात गुलामगिरीचा उल्लेखच नव्हता. गदारोळ झाल्यावर त्यांनी माफी मागून तो घातला. जून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायद्यातील पूर्वमंजुरीची यादी रद्दबातल केली आणि व्हर्जिनिया त्या बंधनातून सुटले. पुढच्याच वर्षी तिथे मतदानासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे झाले. ती सक्ती २०२० मध्ये उठली. २०२१ मध्ये राज्याने स्वतःचाच मतदान हक्क कायदा केला. एके काळी कॉन्फेडरसीत असलेल्या राज्यांपैकी असा कायदा करणारे ते पहिले.